मुलांचे कपडे : काटकसर आणि आरोग्य

एप्रिलचा तिसरा आठवडा होता. दुपारी साडेबाराच्या सुमारास एक आजी, तिची सून आणि सुनेच्या कडेवर वर्षाची नात अशा तिघीजणी दवाखान्यात आल्या. मूल सकाळपासून किरकिरत होते, अंग तापले होते. अंगावर लालभडक फ्रॉक. वर टिकल्यांची जाळी, आत अस्तर, त्याच्याही आत फ्रॉक फुगून राहावा म्हणून कडक नायलॉनची झालर. आदल्या दिवशी पहिला वाढदिवस झाला होता आणि पाहुणे अजून घरात होते, म्हणून तोच फ्रॉक दुसऱ्या दिवशीही चढवलेला होता.

फ्रॉक उतरवला तेव्हा मानेवर, काखेत आणि पाठीवर घामोळ्यांचे दाट पुरळ दिसले. कमरेवर शिवण घासून कातडी सोलली होती आणि तिथे दोन पिकलेल्या पुळ्या होत्या. आजीच्या पिशवीत एक जुने, धुऊन धुऊन विटलेले सुती झबले होते. ओल्या फडक्याने अंग पुसून ते घातल्यावर पाच-सात मिनिटांत मूल शांत झाले. ताप मोजला, तो उतरणीला लागला होता.

मी औषधे लिहून दिली. बाई विड्या वळण्याचे काम करतात. चिठ्ठीकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, निम्मीच औषधं लिहा की. बाकीची पुढच्या आठवड्यात नेते." फ्रॉकला किती पडले, असे विचारले. उत्तर आले, अठराशे रुपये. तेही शेजारणीकडून उसने घेऊन.

यात त्या माउलीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. आपल्या लेकराने चारचौघांत उठून दिसावे, हे प्रत्येक आईबापाला वाटते आणि गरिबाला ते जरा जास्तच वाटते. पण त्या दिवशी मनात आलेला विचार आज वाचकांपुढे ठेवतो. लहान मुलाच्या शरीराला जे कपडे मानवतात, तेच बहुतेक वेळा स्वस्तही असतात. साधे, सुती, सैल, धुतलेले, प्रसंगी दुसऱ्याने वापरलेले. कपड्यांच्या बाबतीत काटकसर आणि आरोग्य यांचे भांडण नाही. फक्त पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे वाचवायचा नाही, एवढे कळले पाहिजे.

कापडाच्या गावात राहून

आपले सोलापूर हे कापडाचे गाव. १८७७ साली इथे पहिली गिरणी सुरू झाली. तिलाच पुढे सगळे 'जुनी गिरणी' म्हणू लागले. गिरण्या बंद पडल्या, पण सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले आणि इथे शिवलेले शाळेचे गणवेश आज देशभर जातात. आपल्यापैकी कित्येक घरांत कोणी ना कोणी मागावर, शिलाई यंत्रावर किंवा कापडाच्या दुकानात काम केलेले आहे. कापडाची पारख आपल्याला कोणी शिकवायला नको. तरीही मुलांचे कपडे घेताना आपण कापडाकडे न बघता टिकल्यांकडे बघतो. तेव्हा हातात असलेलीच विद्या वापरू या.

आधी वाढीचा हिशेब

जन्मताना मुलाची लांबी साधारण ५० सेंटिमीटर असते. पहिल्या वाढदिवसाला ती ७५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. म्हणजे एका वर्षात दीडपट. वजन पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षात सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षी उंची १० ते १२ सेंटिमीटर वाढते. चौथ्या वर्षी ती १०० सेंटिमीटरच्या जवळ येते आणि त्यानंतर वयात येईपर्यंत दरवर्षी पाच-सहा सेंटिमीटरच वाढते.

या आकड्यांतून खरेदीचा साधा नियम निघतो. पहिल्या वर्षात कोणताही कपडा तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त पुरत नाही, म्हणून त्या वर्षी कपड्यांवर सर्वांत कमी खर्च करावा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कपडा सहा ते आठ महिने पुरतो. चार वर्षांनंतर मात्र चांगल्या कापडाचा, शिवणीत माया सोडलेला कपडा दीड-दोन वर्षे सहज चालतो. तेव्हा जरा जास्त पैसे मोजून टिकाऊ कपडा घेणे परवडते. प्रत्यक्षात आपण नेमके उलटे करतो. बारशाला आणि पहिल्या वाढदिवसाला हात सैल सोडतो आणि शाळेत जाणाऱ्या मुलाला दोन पावसात विरणारा शर्ट घेतो.

एक सावधगिरी मात्र हवी. 'पुढे होईल' म्हणून फार मोठा कपडा घेऊ नये. रांगणाऱ्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या मुलाच्या पायात लांब पायजमा अडकला की ते तोंडावर पडते. एक माप मोठे पुरे. लांबी जास्त असेल तर आतून दुमडून टाके घालावेत आणि मूल वाढेल तसे उसवावेत.

कापड कोणते?

आपल्याकडे मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत पारा चाळिशीच्या आसपास आणि पुढेही जातो. तान्ह्या मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठा असतो, त्यामुळे ते मोठ्या माणसापेक्षा लवकर तापते आणि थंडीत लवकर गारही पडते. घाम बाहेर टाकण्याची त्याची यंत्रणाही पुरती तयार नसते. घामाच्या नळ्या तुंबल्या की घामोळे येते. ते खाजवले आणि त्यात जंतू शिरले की पुळ्या आणि गळवे होतात.

सुती धागा साध्या हवेतही स्वतःच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून ठेवतो. पॉलिस्टरचा धागा अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुती कपडा घाम टिपतो, तर पॉलिस्टरखाली घाम अंगावरच साचतो. दुकानात पारख करायची तर कापडावर ओले बोट टेकवावे. सुती कापड पाणी लवकर पिते. नव्या कापडावर खळ असली तर थोडा उशीर लागतो, एवढे लक्षात ठेवावे. ओला पांढरा रुमाल आतल्या बाजूने घासून पाहावा. रंग उतरला तर तो मुलाच्या अंगावरही उतरणार.

दिवाळीत आणि चुलीजवळ वावरताना नायलॉन, पॉलिस्टरचा कपडा दुहेरी घातक. सुती कापडही पेट घेते, पण कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो आणि भाजणे खोलवर जाते. फटाके उडवताना मुलांच्या अंगावर अंगाबरोबरचे सुती कपडे असावेत. घेरदार फ्रॉक आणि लोंबणाऱ्या ओढण्या नकोत.

शाळेचा गणवेश बहुधा टेरिकॉटचा असतो. तो लवकर वाळतो, चुरगळत नाही आणि टिकतो, म्हणून त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. आत सुती बनियन घातले की घामाचा प्रश्न बराचसा मिटतो. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांसाठी मोफत गणवेशाची योजना आहे. २०२३-२४ पासून ती सर्वच मुलांना लागू झाली. जून महिन्यात दुकानात जाण्यापूर्वी शाळेत चौकशी करावी.

जुने कपडे घालण्यात कमीपणा नाही

आपल्याकडे अनेक घरांत बारशापर्यंत बाळाला नवा कपडा घालत नाहीत. आजोबांच्या जुन्या धोतराचे लंगोट, आजीच्या लुगड्याचे दुपटे, मावशीच्या मुलाचे झबले, असेच चालते. या रीतीमागे पूर्वीच्यांनी जे काही योजले असेल ते असो, आरोग्याच्या दृष्टीने ती उत्तम आहे. शंभर वेळा धुतलेल्या कापडातली खळ, जादा रंग आणि कापडाला चमक आणणारी रसायने निघून गेलेली असतात. तान्ह्या कातडीला याहून मऊ काही नाही. याच कारणासाठी नवा कपडा, मग तो कितीही महागाचा असो, एकदा धुऊनच घालावा.

म्हणून बोहारणीला साड्या देऊन पातेले घेण्यापूर्वी घरात कोणाला दिवस गेलेले नाहीत ना, ते बघावे. एका जुन्या सुती साडीत डझनभर लंगोट आणि तीन-चार झबली सहज होतात. नात्यातले, शेजारचे वापरलेले कपडे आनंदाने घ्यावेत आणि आपल्या मुलाला लहान झालेले आनंदाने द्यावेत.

मात्र तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, वापरलेले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर साधारण दोन-तीन दिवसच जगतो आणि ५० अंशांच्या वरच्या उष्णतेत दहा मिनिटांत मरतो. ज्याला गरम पाणी सोसणार नाही असा कपडा पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावा. दुसरी, आतले कपडे दुसऱ्याचे वापरू नयेत. चड्डी, बनियन, मोजे आणि टॉवेल यांवाटे नायटा घरभर फिरतो. तिसरी गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती जीवावर बेतू शकते.

डांबरगोळीचा धोका

काही वर्षांपूर्वी पाच दिवसांचा एक मुलगा माझ्याकडे आणला होता. हळदीसारखा पिवळा, सुस्त, अंगावर ओढायला तयार नाही. जन्मताना अगदी ठणठणीत होता. त्याला गुंडाळलेल्या दुपट्याचा वास आला आणि मी विचारले, "आजी, हे कपडे कुठले?" आजी म्हणाल्या, "थोरल्याचे हाईत की. चार वर्षं पेटीत जपून ठेवले. डांबरगोळ्या घालून. एकाला कसर लागली नाही बघा." कपडे लगेच बदलायला लावले आणि मुलाला मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे निळ्या प्रकाशाखाली ठेवून आणि रक्त बदलून त्याला वाचवता आले.

डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. काही मुलांच्या तांबड्या पेशींत जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य कमी असते. हा दोष आईकडून येतो आणि मुलग्यांत जास्त दिसतो. एरवी त्याचा पत्ताही लागत नाही. पण डांबरगोळीची वाफ श्वासावाटे किंवा कपड्यातून कातडीवाटे अंगात गेली की या पेशी भराभर फुटतात. त्यातून निघालेले पिवळे द्रव्य नवजात मुलाच्या मेंदूत साचले तर मूल दगावते, किंवा जन्मभराचे अपंगत्व किंवा बहिरेपण येते. आपल्या मुलाला हा दोष आहे की नाही, हे दिसून कळत नाही. म्हणून नियम सगळ्यांनीच पाळायचा. बाळाच्या कपड्यांत, दुपट्यांत, गोधड्यांत डांबरगोळी कधीही ठेवू नये. ठेवलेली असेल तर बाळंतपणाच्या निदान पंधरा दिवस आधी सगळे कपडे काढून दोन-तीनदा धुवावेत आणि वास पूर्ण जाईपर्यंत रोज उन्हात, वाऱ्यावर टाकावेत. गोळीऐवजी कापूरही ठेवू नये. कपडे खडखडीत वाळवून, स्वच्छ पिशवीत घट्ट बांधून ठेवले आणि दर दोन-तीन महिन्यांनी ऊन दाखवले की पुरते. कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून ठेवायला हरकत नाही.

त्या आजींनी कपडे जपले, ही त्यांची काटकसर योग्यच होती. चूक फक्त गोळीची होती.

पैसा कुठे वाचवू नये?

आतले कपडे नवे आणि निव्वळ सुती घ्यावेत. इलॅस्टिक उतरवल्यावर कमरेवर वळ उमटत असेल तर चड्डी घट्ट आहे. थंडीत तान्ह्या मुलाला कानटोपी आणि मोजे हवेतच, कारण डोक्यावाटे त्याची बरीच ऊब निघून जाते. मोठ्या माणसाला जेवढे कपडे लागतात त्यापेक्षा एक थर जास्त, हे थंडीतले प्रमाण. मूल कमी वजनाचे असेल तर टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि वरून चादर घ्यावी. याहून चांगली ऊब कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि तिला पैसेही पडत नाहीत. उन्हाळ्यात मात्र हीच टोपी आणि मोजे काढून ठेवावेत. मे महिन्यात कुंचीत गुंडाळलेली आणि त्यामुळे तापलेली बाळे दरवर्षी बघावी लागतात.

काही गोष्टी स्वस्त मिळोत की महाग, टाळाव्यात. गळ्याशी लांब नाडी असलेले कपडे घेऊ नयेत. घसरगुंडीत आणि बसच्या दारात अशा नाड्या अडकून मुले दगावल्यामुळे अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये मुलांच्या जाकिटांच्या नाड्यांबाबत नियमावली काढली. आपल्याकडे पाळण्याचा खिळा आणि सायकलचे चाक हेच काम करतात. तीन वर्षांखालील मुलाच्या कपड्यावर मणी, टिकल्या, सैल बटणे नकोत. ती तोंडात जातात आणि श्वासनलिकेत अडकतात. मोजे घालण्यापूर्वी उलटे करून बघावेत. आतला सुटा धागा किंवा केस बोटाला गुंडाळला जाऊन बोट काळेनिळे पडल्याची उदाहरणे आहेत. मूल उगाच रडत असेल तर आधी मोजे काढून बोटे पाहावीत.

संक्रांतीच्या बोरन्हाणाचे काळे झबले हौसेने शिवावे, पण पुढे ते चैत्र-वैशाखात वापरू नये, कारण काळा रंग ऊन शोषतो. आणि हलव्याचे दागिने फोटो काढून झाले की लगेच उतरवावेत. तो कडक दाणा आणि बोराची बी, दोन्ही लहान मुलाच्या घशात अडकणारी.

खरेदीला जाण्यापूर्वी

१. घरातले कपडे पलंगावर काढून मोजावेत. तान्ह्या मुलाला सहा-आठ झबली, दोन-अडीच डझन लंगोट, चार-पाच दुपटी आणि दोन टोप्या पुरतात. भेट म्हणून काय येणार आहे तेही धरावे.

२. वयावरून नव्हे, उंचीवरून कपडा घ्यावा. एकाच वयाच्या दोन मुलांत चांगलाच फरक असतो. दोरीने उंची, छाती आणि कंबर मोजून ती गाठ मारलेली दोरी दुकानात न्यावी.

३. सणाच्या आदल्या दिवशी नवी पेठेत किंवा मंगळवार पेठेत शिरू नये. गर्दीत कापड बघता येत नाही आणि भावही करता येत नाही. स्वेटर थंडी संपताना घ्यावा, पण पुढच्या वर्षीच्या मापाचा.

४. कपडा उलटा करून शिवण बघावी. माया किती सोडली आहे, धागे सुटले आहेत का, शिवण टोचते का, ते हाताला कळते. गळ्यामागची टोचणारी पट्टी घरी आल्यावर उसवून टाकावी.

५. कार्याचा कपडा एकच घ्यावा, आणि तो असा की नंतर रोज वापरता येईल. पेटीत ठेवायचा कपडा हा वाया गेलेला पैसा. जरीचा किंवा जाळीचा फ्रॉक घ्यायचाच असेल तर आत सुती झबले घालावे आणि कार्यक्रम संपताच फ्रॉक उतरवावा.

६. या सगळ्यातून जे पैसे वाचतील, ते कशासाठी हे आधीच ठरवावे. अंडी, दूध, शेंगदाणे, फळे यांसाठी, किंवा दुखण्याखुपण्याला म्हणून डब्यात. नाहीतर वाचलेला पैसा कुठे जातो ते कळतही नाही.

ती बाई ऑगस्टमध्ये सोळाव्या महिन्यानंतरच्या लशीसाठी मुलीला घेऊन पुन्हा आली. मुलीच्या अंगावर आजीच्या जुन्या लुगड्याचे, काठ मागे-पुढे आलेले झबले होते. वजन चांगले वाढले होते. मी सहज विचारले, "फ्रॉकचं काय झालं, आजी?" आजी म्हणाल्या, "जावेच्या नातीच्या वाढदिवसाला दिला. आतली झालर कापून टाकली आधी. आणि सांगितलं तिला, फोटो काढून झाला की उतरव म्हणून."

शेजारणीचे उसने पैसे मात्र अजून पुरते फिटलेले नव्हते. लेकीच्या हौसेपायी कोणाच्याही डोक्यावर असे ओझे राहू नये आणि औषधाची चिठ्ठी निम्मी करून मागायची वेळ येऊ नये, म्हणून हे सारे लिहिले. पुढच्या आठवड्यात नवे जोडे घेण्यापूर्वी मुलाचे पाऊल कसे मोजावे, ते पाहू.